रात्रीची पाळी कोणाची?

गेल्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात तिशीतला एक टेम्पोचालक आला. कोपर सोललेलं, कपाळावर टेंगूळ. मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो लावून सकाळी दुचाकीवरून बिबवेवाडीतल्या घरी निघाला होता. गंगाधाम चौकाजवळ डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. मी सवयीने विचारलं, "घेतली होती का?" तो ओशाळला. "नाही डॉक्टर. बाळ झालंय, बावीस दिवसांचं."

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांपर्यंतच. तारवटलेल्या डोळ्यांची तपासणी मात्र कुठल्याच नाक्यावर होत नाही.

पट्टी बदलायला आला तेव्हा बाळंतीण बायकोही सोबत होती. नवरा रात्री एकला घर सोडतो, त्यामुळे रात्रभर ती एकटीच. "सगळे सांगतात, बाळ झोपलं की तूही झोप," ती म्हणाली, "पण तेव्हाच बघायला पाहुणे येतात." हा सल्ला आम्ही डॉक्टरही अगदी सहज देतो. दोन खोल्यांच्या घरात तो कसा पाळायचा, हे सांगत नाही.

नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. पोट इवलंसं असतं, दिवस-रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ साधारण दोन-तीन महिन्यांनी जुळू लागतं. त्यामुळे बाळ रात्री उठतं यात आईचं दूध कमी असतंच असं नाही, आणि दृष्ट तर नसतेच. खरा त्रास आईच्या झोपेचे तुकडे पडण्याचा. सहा तास झोप मिळाली, पण सहा वेळा उठून, तर डोकं ताजंतवानं होत नाही. सलग चार तास मिळाले तरी माणूस सावरतो.

म्हणून आम्ही तिघांनी बसून पाळ्या ठरवल्या. रात्री आठ ते बारा बाळंतिणीने झोपायचं. बाळ भुकेने उठलंच तर आजीने ते आईजवळ आणायचं; ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं आजीकडे. नवऱ्याने संध्याकाळी सहाला आडवं व्हायचं आणि झोप झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सकाळी अंघोळीनंतर दोन तास बाळ पुन्हा आजीकडे. आणि पाहुणे? सव्वा महिन्यानंतर. पाचवीच्या रात्री सटवाईसाठी अख्खं घर जागतं. सहाव्या रात्रीपासून सगळे घोरतात आणि एकटी बाळंतीण जागी राहते, हे मला कधी पटलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र कितीही थकलात तरी करू नका. बाळ झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजू नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया नाइलाजाने बाळाला अफूची गोळी देत. आजचं सरबतासारखं गोड औषधही तान्ह्याचा श्वास मंदावू शकतं. दुसरं, सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलक्या काढू नका. फटीत दबून बाळ गुदमरतं. पेंग येत असेल तर सोफ्यापेक्षा खाली घातलेली टणक गादी बरी. बाळ उताणं, तोंडाजवळ उशी-गोधडी नको आणि शेजारी दारू प्यायलेलं कुणी नको.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, किंवा बाळ शांत झोपलेलं असताना, सांभाळायला माणूस असतानाही आईला झोप येत नसेल, तर तो नुसता थकवा नव्हे, डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, भलतेच संशय, किंवा झोपेविना अचानक आलेला अफाट उत्साह दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

पंधरवड्याने तो पुन्हा आला. कोपर भरलं होतं. आई पाळी सांभाळते का, विचारलं. "सांभाळते की," तो हसला. "पण रोज ऐकवते, तूही असाच छळायचास म्हणून."