वैद्यकीय इच्छापत्र

बरे होण्याची आशा मावळल्यावर केवळ यंत्रांच्या बळावर रुग्णाचा श्वास चालू ठेवावा काय, यावरून आप्तेष्ट व डॉक्टर यांच्यात पुष्कळदा मतभेद होतात. अशा वेळी रुग्णाची पूर्वी व्यक्त केलेली इच्छा मानावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले व २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार कोणाही सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीस दोन साक्षीदारांसमक्ष सही करून इच्छापत्र करता येते. ते नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. रुग्णास निर्णय घेण्याची शक्ती न उरल्यास तीन डॉक्टरांचे मंडळ प्रथम विचार करते. दुसरे मंडळ तो निर्णय पडताळते. इच्छापत्र केव्हाही रद्द करता येते. घरच्यांशी आधीच मोकळेपणी बोलावे, म्हणजे त्या कठीण घडीचा भार एकट्या त्यांच्यावर पडणार नाही.