अनाथ आणि दत्तक : पॅकेज-पालकांची परिभाषा

लिनक्सच्या डेस्कटॉपवरील साधने मूळ कर्त्याकडून थेट वापरणाऱ्याच्या हाती क्वचितच येतात. मूळ संहिता घेऊन ती इतर साधनांशी जुळेल अशी बांधावयाची, दोष निवारावयाचे, हे पॅकेज-पालकाचे काम होय. १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन प्रकल्पात ते स्वयंसेवक करतात. पालकाने सोडलेल्या पॅकेजास तेथे ‘अनाथ’ म्हणतात. दुसरा कोणी ते ‘दत्तक’ घेतो. ही नात्यांची परिभाषा अर्थपूर्ण खरी. परंतु पालक आहे आणि तो थकला आहे, ही अवस्था तिच्यात मावत नाही. ‘साहाय्य हवे’ अशी नोंद करण्याची सोय आहे, पण ती बहुधा थकलेल्यानेच करावयाची असते!

मूळ कर्त्यांची स्थितीही फारशी निराळी नसते. माहितीचे आकारमान घटविणारे एक्सझेड हे साधन अनेक वर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकाने सांभाळले. सुधारणा लवकर होत नाहीत म्हणून २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा लागला, आणि साहाय्यास आलेल्या एका अनोळखी नावाच्या व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले. परिभाषेच्या दृष्टीने पाहता एक्सझेडला एकाऐवजी दोन पालक झाले. त्या दुसऱ्याच्याच हातून २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट शिरली. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आंद्रेस फ्रॉइंड यांना आढळले. त्या विलंबाचा माग काढताना मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली. तोवर ती डेबियनच्या चाचणी-शाखेत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत मात्र नव्हती.