भिंतीतली वायर कुणाची?

"बाथरूमचा नळ सोडला की हाताला झिणझिण्या येतात," असे भाडेकरूने फोनवर सांगितले की घरमालकाकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर येते. "आधीच्या लोकांनी कधी तक्रार केली नाही," किंवा "पायात चप्पल घालून आंघोळ करा." दोन्ही उत्तरे जिवावर बेतू शकतात. नळाला झिणझिण्या येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गीझरमधला करंट त्याच्या धातूच्या भांड्यात आणि पाइपात उतरलेला असतो आणि त्याला जमिनीत नेणारी अर्थिंगची वाट कुठेतरी तुटलेली असते. अशा वेळी गीझरचा एमसीबी लगेच खाली पाडायचा आणि तपासणी होईपर्यंत वर करायचा नाही. पण तपासणी करून घ्यायची कुणी आणि पैसे द्यायचे कुणी, यावरच आठवडे जातात. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत.

"लिव्ह अँड लायसन्स केले आहे, आता आतले सगळे राहणारा बघेल"

महाराष्ट्रात सर्वांत जास्त चालणारी आणि सर्वांत घातक समजूत हीच. 11 महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला, तरी कायद्याच्या नजरेत तो बहुधा लायसन्सी असतो. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यातली भाडेकरूची सगळी संरक्षणे मिळत नाहीत, हे खरे. त्यावरून अनेक मालक असा अर्थ काढतात की आपल्यावर कसलेच बंधन नाही.

बंधन आहे, आणि ते 1882 सालापासून आहे. लायसन्सची व्याख्या ज्या कायद्यात आहे त्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे 57 वे कलम सांगते की जागेत लायसन्सीच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि लायसन्सीला नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. पुढचे 58 वे कलम म्हणते की जागा धोकादायक होईल असे काहीही मालकाने करायचे नाही. आता हे घरातल्या विजेला लावून पाहा. पावसाळ्यात बेडरूमची ओली भिंत शॉक देते हे ठाऊक असून चावी देताना गप्प बसणे 57 व्या कलमाच्या विरुद्ध जाते. खर्च वाचवण्यासाठी जळलेल्या जॉइंटवर नुसती टेप गुंडाळून घेणे 58 व्या कलमाच्या विरुद्ध.

करारात "विजेच्या अपघाताची सर्व जबाबदारी लायसन्सीची" असे वाक्य छापलेले असते. त्याने मालकाची फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमात आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजदारी गुन्ह्यातून सुटका दोघांनी आपसात सही करून होत नसते.

व्यवहारापुरती रेघ मी अशी ओढेन: भिंतीत, बोर्डात आणि मीटरपाशी जे आहे ते मालकाने नीट ठेवायचे. मालकाने घरासोबत दिलेला गीझर, पंखे, फ्रिजही त्यातच आले. प्लग काढून जे सोबत नेता येते, म्हणजे स्वतःची इस्त्री, मिक्सर, एक्स्टेन्शन बोर्ड, पाणी तापवायचा रॉड, त्याची काळजी राहणाऱ्याची.

"एमसीबी बसवले आहेत, शॉक लागणार नाही"

एमसीबी वायरीला वाचवतो. वायरीच्या कुवतीपेक्षा जास्त करंट वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले की तो पडतो. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरच्या आत काहीच करत नाही. माणसाचे हृदय बिघडवायला मात्र काही दशक मिलिअँपिअर करंट पुरतो, म्हणजे त्या 16 अँपिअरचा शेकडो पट लहान भाग. ओल्या अंगातून 230 व्होल्टला त्याहून कितीतरी जास्त करंट सहज जातो. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी वरच राहील.

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे: आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला का, एवढेच ते सतत तपासत असते. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जातो आहे. ती वाट कुणाचे शरीर असू शकते, म्हणून ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा. 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये, तो माणसासाठी उशिरा पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी, 2010 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या, गळतीपासून संरक्षण देणाऱ्या या उपकरणाची गरज नोंदवली आहे. तरीही जुन्या इमारतींतले असंख्य फ्लॅट त्याच्याविना भाड्याने जातात. हा खर्च मालकाचा आहे आणि शहरातल्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा तो बराच कमी असतो.

एक गोष्ट वारंवार घडते. आरसीसीबी बसवला की तो सारखा पडू लागतो, सगळे वैतागतात आणि वायरमन तो बायपास करून जातो. तो पडत होता कारण घरात कुठेतरी गळती होती, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले होते. दोष शोधून काढायचा सोडून राखणदारालाच हाकलले जाते. त्यावरचे टेस्ट बटण राहणाऱ्याने अधूनमधून दाबून पाहावे. मात्र त्या बटणाने आरसीसीबी चालतो एवढेच कळते, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही.

"सॉकेट तीन पिनांचा आहे, म्हणजे अर्थिंग आहे"

जुन्या चाळीत आणि वाड्यात वरच्या जाड भोकामागे वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी अर्थिंगच्या पिनेत न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिलेला असतो. टेस्ट लॅम्प लावला तर दिवा लागतो आणि सगळे ठीक वाटते. बाजारातला तीन दिव्यांचा प्लग टेस्टरही ही चलाखी ओळखू शकत नाही. पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे, गीझरचे अख्खे अंग फेज होऊन बसते. हे तपासायला बोर्ड उघडून जोडण्या पाहाव्या लागतात, मीटरने अर्थिंगचा रोध मोजावा लागतो, आणि मेगर लावून वायरींचे इन्सुलेशन पाहावे लागते. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे असे नियम सांगतात. सोसायटीचा वॉचमन ज्याला ओळखतो तो माणूस हाताने कितीही कुशल असला, तरी त्याच्याकडे मेगर आणि परवाना आहे का ते विचारावे.

"बिघाड असेल तर महावितरण बघेल"

वीज कंपनी, मग ती महावितरण असो, बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, मीटरपर्यंतचे बघते. मीटरच्या पुढची वायरिंग घराची.

"भाडेकरूने एसी लावला म्हणून वायर जळली, चूक त्याची"

कधी त्याची, कधी दोघांची. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर खेचतो. दिव्या-पंख्यांसाठी ओढलेल्या एक चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरीवर तोच पॉइंट काढून दिला असेल, तर तो मालकाने पेरून ठेवलेला धोका आहे. कुठल्या पॉइंटवर जड उपकरण चालते आणि वीजबिलावरचा मंजूर भार किती, हे मालकाने चावी देतानाच सांगावे. राहणाऱ्याने न विचारता एसी लावू नये. आणि एमसीबी पडतो म्हणून 16 च्या जागी 32 चा बसवण्याचा हट्ट दोघांनीही करू नये. त्याने एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर भिंतीच्या आत तापत राहते.

"दुरुस्ती नाही तर भाडे नाही", "भाडे नाही तर वीज नाही"

पहिले वाक्य अर्धे खरे आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या 14 व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी हे जरूर वापरावे. हा हक्क भाडेकरूचा आहे. लायसन्सीने मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय पैसे कापू नयेत.

दुसरे वाक्य मात्र मालकाने उच्चारूही नये. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज तोडण्यास 29 वे कलम मनाई करते, आणि जिन्यातले दिवेसुद्धा त्यात येतात. मालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीजजोडणी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

"दर पाच वर्षांनी मालकाला दाखला द्यावाच लागतो"

हे इंटरनेटवर वाचलेले असते आणि ते इंग्लंडबद्दल असते. तिथे 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची किमान दर पाच वर्षांनी तपासणी करून अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. आपल्याकडे घर भाड्याने देताना असा दाखला हाती ठेवण्याची पद्धत नाही. ती यावी असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत करारच कामी आणावा लागेल. 11 महिन्यांचा असला तरी भाडे नियंत्रण कायद्याच्या 55 व्या कलमानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. फर्निचरच्या यादीत पंखे आणि ट्यूबलाइट मोजून लिहितोच, त्याच यादीत चार ओळी वाढवाव्यात: 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे आणि बटण दाबून पाहिला, अर्थिंग कुणी, कोणत्या तारखेला तपासले, एसी आणि गीझरचे पॉइंट कोणते, शॉक लागल्याची तक्रार लेखी आल्यावर मालक किती तासांत परवानाधारक माणूस पाठवेल. बोर्डाचा फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवावा, आणि पुढची प्रत्येक तक्रार फोनवर बोलून झाली तरी मेसेजमध्ये तारखेसह लिहावी.