मेरुमण्याला मणी समजणारा पॉइंटर

अमरावती, बडनेरा आणि अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘लिंक्ड लिस्ट’ हा पाठ सी भाषेबरोबर शिकवला जातो. मात्र लिनक्स कर्नलमधील तिची रचना पाठ्यपुस्तकातल्या रचनेहून उलटी आहे, आणि वर्षानुवर्षे लपून राहिलेल्या एका जातीच्या चुकांचे मूळ या उलटेपणात आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो मेमरी, प्रोसेसर आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नल अँड्रॉइडच्याही तळाशी असल्यामुळे, अकोल्याच्या बाजार समितीतला तुरीचा भाव ज्या फोनवर पाहिला जातो, त्यातही बहुधा तोच चालत असतो.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, जवळ बाळगते. कर्नलमध्ये मात्र नोंदीच्या पोटात एक छोटी कडी बसवलेली असते. तिच्यात मागच्या आणि पुढच्या कडीचे असे दोनच पत्ते असतात, ६४ बिटच्या यंत्रावर ती १६ बाइट जागा घेते, आणि नोंद पेनड्राइव्हची असो की फाइलची, साखळी ओवणारा कोड एकच राहतो. कडीवरून मूळ नोंदीकडे जायचे, तर नोंदीच्या आरंभापासून कडी जितकी दूर असेल तितके अंतर कडीच्या पत्त्यातून वजा करायचे. ‘कंटेनर ऑफ’ नावाचा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी उलगडणारा कोडचा साचा, हेच करतो. साखळी वर्तुळाकार असते आणि ‘हेड’ ही तिची आरंभाची कडीही इतर कड्यांसारखीच दिसते, पण ती कोणत्याही नोंदीच्या पोटात नसते. जपमाळेतल्या मेरुमण्याचे स्थान तिला आहे: फेरी तिथे संपते, पण त्या मण्यावर जप मोजत नाहीत.

‘लिस्ट फॉर ईच एंट्री’ हा मॅक्रो साखळीतून एकेक नोंद हाती देतो. सात क्रमांकाचे उपकरण शोधायचे आहे, ते सापडले की ‘ब्रेक’ करून लूपबाहेर पडायचे आहे, हेडचा पत्ता १००० आहे आणि नोंदीतली कडी आरंभापासून २४ बाइटवर आहे, असे समजू. उपकरण सापडलेच नाही, तर लूप हेडपाशी पोहोचून थांबतो, पण तोवर १००० मधून २४ वजा झालेले असतात आणि पॉइंटरमध्ये ९७६ उरतो. त्या पत्त्यावर उपकरणाची नोंद नसतेच. हेडच्या अलीकडे जे काही साठवलेले असेल, तेच तिथे असते. लूपनंतर ‘पॉइंटर नल आहे का’, म्हणजे रिकामा आहे का, असे तपासणारा कोड वाचायला अगदी शहाणा वाटतो. पण ९७६ हा नल नव्हे, त्यामुळे तपासणी निर्वेध पार पडते आणि भलतीच मेमरी उपकरण म्हणून वाचली जाते, प्रसंगी तिच्यावर लिहिलेही जाते. ती जागा अनेकदा कर्नलचीच वैध मेमरी असल्याने यंत्र लगेच कोलमडतही नाही, म्हणून ही चूक उघड बिघाडापेक्षा घातक म्हटली पाहिजे.

याचा दोष केवळ प्रोग्रामरच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कर्नल १९८९ च्या सी मानकाला धरून होता आणि त्या मानकात लूपचे चल ‘फॉर’च्या ओळीतच घोषित करता येत नाही. साहजिकच ते लूप संपल्यावरही हाताशी उरते. २०२२ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील संशोधक याकोब कोशेल यांनी, प्रोसेसर पुढच्या फेरीचा अंदाज बांधून आगाऊ काम करतो त्यातून उद्भवणाऱ्या सुरक्षेच्या प्रश्नांवर काम करताना, लूपनंतर वापरल्या जाणाऱ्या या पॉइंटरविषयी दुरुस्त्या पाठवल्या; त्यांतली एक यूएसबी ड्रायव्हरमधली होती. चल लूपबाहेर दिसूच नये, असा आग्रह टॉरवाल्ड्स यांनी धरला आणि त्या चर्चेतून, त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या ५.१८ आवृत्तीपासून, कर्नल २०११ च्या सी मानकावर गेला. अशा किरकोळ दुरुस्तीतून एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या भाषेचे मानक बदलावे, हे विलक्षणच.

प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र साधी असते. फिरणारे चल वेगळे ठेवायचे, आरंभी नल असलेले ‘फाउंड’ नावाचे दुसरे चल घ्यायचे, जुळणारी नोंद मिळाली तरच तिचा पत्ता त्यात भरायचा आणि लूपनंतर फक्त त्यालाच विचारायचे.

फिरता फिरता नोंद काढून टाकण्याचा धोका याहून निराळा आहे. नोंद मोकळी केल्यावर तिच्यातूनच पुढचा पत्ता वाचला, तर तो सोडून दिलेल्या मेमरीतून वाचला जातो; म्हणून नावाच्या शेवटी ‘सेफ’ असलेला मॅक्रो पुढची नोंद आधीच बाजूला टिपून ठेवतो. या ‘सेफ’वर नको तेवढा विश्वास टाकला जातो. तो चालू नोंद काढण्यापुरताच सुरक्षित आहे. साखळीत एका वेळी एकालाच बदल करू देणारे लॉक लूपच्या मध्येच सोडले आणि तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरने ती टिपून ठेवलेली पुढची नोंदच मोकळी केली, तर अपघात ठरलेला.

फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील ज्युलिया लॉल यांच्या ‘कॉक्सिनेल’ या साधनाची, लूपनंतरचा वापर हुडकणारी एक स्क्रिप्ट कर्नलच्या कोडबरोबरच मिळते. ती संशयित जागा दाखवते. पण त्या जागी पॉइंटर खरोखर हेडपर्यंत पोहोचू शकतो का, हे कोड वाचूनच ठरवावे लागते. कर्नलचा कोड सर्वांना खुला आहे आणि ‘क्यूइमू’सारख्या सॉफ्टवेअरमधील आभासी यंत्रावर तो चालवून पाहता येतो, त्यामुळे सी भाषा पक्की असलेल्या बडनेऱ्याच्या वा अकोल्याच्या विद्यार्थ्याला या कामासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चिकाटी, कारण मानक बदलले तरी जुना मॅक्रो अजून बाहेर घोषित केलेले चलच मागतो.