डीएपीच्या गोणीतला दगड : स्फुरद येतं कुठून, आणि आपल्या काळ्या रानात जातं कुठं?

गेल्या खरिपात एका कृषी सेवा केंद्रासमोर सकाळी सातला रांगेत उभा राहिलो. दहाच्या सुमारास नंबर लागला तर दुकानदार म्हणाला, "दोन गोण्या मिळतील, पण सोबत ही औषधाची बाटली घ्यावी लागंल." हे लिंकिंग काय असतं ते वाचकांना सांगायची गरज नाही. पण त्या रांगेत माझ्या मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलेला प्रश्न डोक्यात राहिला. ते म्हणाले, "लेका, एवढे कारखाने झाले देशात, मग हे अठरा-शेहेचाळीस दरसाली बाहेरनंच का आणावं लागतंय?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता देतो.

युरियातलं नत्र हवेतून घेता येतं. गॅस आणि कारखाना असला की झालं. डीएपीतलं स्फुरद मात्र हवेत नाही. ते मिळतं दगडात, आणि त्या दगडातल्या खनिजाचं नाव आहे अपॅटाइट. कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून ते बनतं, जोडीला थोडं फ्लोरिन वगैरे. हिरवट, निळसर, पिवळट, तपकिरी अशा कुठल्याही रंगात सापडतं आणि दुसऱ्याच रत्नासारखं दिसतं. म्हणून ग्रीक भाषेतल्या 'फसवणे' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं.

हे खनिज पाहायला लांब जायची गरज नाही, ते आपल्या तोंडातच आहे. माणसाचे दात आणि हाडं, बैलाची हाडं, सगळी याच जातीच्या अपॅटाइटची बनलेली असतात. म्हणून तर पूर्वी गावोगाव हाडं गोळा करणारे फिरायचे आणि हाडांचा चुरा खत म्हणून विकला जायचा. पण हाडं असोत की दगड, दोन्हीतलं स्फुरद पाण्यात सहज विरघळत नाही आणि मुळं तर फक्त विरघळलेलंच घेतात. इंग्लंडमधल्या जॉन बेनेट लॉझ यांनी यावर गंधकाच्या आम्लाचा उपाय काढला आणि १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच आपलं सुपर फॉस्फेट. आजही कारखान्यात मुळात हेच चालतं. दगड दळायचा, त्यावर गंधकाचं आम्ल घालायचं, की सुपर फॉस्फेट तयार. आम्ल जास्त घातलं तर फॉस्फोरिक आम्ल निघतं, त्यात अमोनिया मिसळला की डीएपी. मागं उरतो जिप्समचा डोंगर. एक टन स्फुरदामागं जवळपास पाच टन. चोपण जमिनीला जे जिप्सम टाकतात, त्यातलं काही इथूनच येतं.

आता दगड कुणाकडं आहे ते पाहा. जगातल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात धरले जातात, त्यात पश्चिम सहाराचा वादग्रस्त भागही आला. तिथल्या वाळवंटातल्या खाणीपासून समुद्रापर्यंत दगड वाहून नेणारा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा आहे, तो अवकाशातूनही दिसतो म्हणतात. रशियात खाणीजवळच्या एका शहराचं नावच अपॅटिटी आहे. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथं मोठी खाण आहे, मध्य प्रदेशातही झाबुआ आणि सागरकडं थोडा दगड निघतो. पण एवढ्यानं देशाचं भागत नाही. म्हणून दगड मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून येतो आणि तयार डीएपी सौदी, मोरोक्को, रशिया, चीनकडून. चीननं २०२१ पासून निर्यातीवर हात आखडता घेतला, त्याची झळ थेट आपल्या रांगेला लागली. त्यात विजेच्या गाड्यांच्या एका प्रकारच्या बॅटरीतही फॉस्फेट लागतं, म्हणजे गिऱ्हाईक वाढलंच. गोणी १३५० रुपयांना मिळते ती सरकार अनुदान भरतं म्हणून.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथं संपलं. पण मला जास्त लागलं ते पुढचं.

माझ्या रानाचा माती अहवाल आला त्यात सामू ८.२ आणि चुनखडी ११ टक्के. अशा चुनखडीच्या काळ्या जमिनीत डीएपी टाकलं की विरघळलेलं स्फुरद मातीतल्या कॅल्शियमला धरतं. आधी साधं कॅल्शियम फॉस्फेट होतं, मग हळूहळू घट्ट होत त्याचा पुन्हा अपॅटाइटसारखा दगड व्हायला लागतो. ज्याला कारखान्यात आम्ल घालून फोडला, तो आपल्या रानात परत दगड! पहिल्या पिकाला टाकलेल्या स्फुरदातलं साधारण १५ ते २५ टक्केच मिळतं असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. बाकीचं वाया गेलं असं नाही, ते जमिनीतच राहतं आणि पुढं थोडं थोडं सुटतं. पण रांगेत उभं राहून आणलेल्या चार गोण्यांतल्या तीन तिथंच बसून राहतात हे कळल्यावर मी दोन दिवस हिशेब करत होतो.

मग करायचं काय? स्फुरद जागेवरून हलत नाही, म्हणून फोकून देण्यात अर्थ नाही. दोन चाड्यांच्या पाभरीनं किंवा पेरणीयंत्रानं बियाण्याच्या खाली, थोडं बाजूला पडलं तर मातीशी कमी भिडतं आणि मुळाला लवकर सापडतं. शेणखतात मिसळून दिलं तरी फायदा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, ते आम्ल सोडून अडकलेलं स्फुरद थोडं मोकळं करतात. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला लागतं. फक्त क्रम चुकवू नका. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. आमच्याकडं उलटं करणारे बरेच आहेत.

दुसरं म्हणजे डीएपीचा हट्ट. एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपरच्या तीन गोण्यांत २४ किलो स्फुरद, आणि २० किलो युरिया घातला की नत्रही भरून निघतं. वर १६ किलोच्या आसपास गंधक मिळतं, जे डीएपीत नसतं आणि सोयाबीनला, भुईमुगाला तेलासाठी लागतंच. गोण्या जास्त वाहाव्या लागतात, मजुरी वाढते, हे खरं. पण रांग आणि बाटली वाचते.

'रॉक फॉस्फेट' म्हणून नुसता दळलेला दगड विकायला येतो, तो स्वस्त पडतो म्हणून आपल्या काळ्या रानासाठी घेऊ नका. तो कोकणातल्यासारख्या आम्लधर्मी मातीत विरघळतो, इथं वर्षानुवर्षं तसाच पडून राहील.

जाता जाता पाण्याचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याला खडकातली जी खनिजं कारण आहेत त्यात अपॅटाइटही येतं. थोडं फ्लोराइड दाताला बळकट करतं, पण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात डागाळतात आणि पुढं हाडं ताठरतात. बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या.

बनावट डीएपीबद्दल बरेच फोन येतात. चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूसारखा चुना लावून चोळा. नाकात झणका बसेल असा उग्र वास आला तर त्यात अमोनिया आहे. वास आला नाही तर ते डीएपी नव्हे. (हात लगेच धुवा, नाहीतर सवयीनं तोंडात टाकाल.) पण वास आला म्हणजे स्फुरद पूर्ण ४६ टक्के आहे असं होत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. शंका आली तर गोणी फोडून रिकामी करू नका. पक्कं बिल आणि गोणी दोन्ही जपून ठेवून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, म्हणजे त्यांना नमुना काढता येतो.