मित्रासाठी सायकलवारी

आजारी मित्राच्या उपचारांसाठी निधी उभारावा म्हणून साठी ओलांडलेले आजोबा शिरूरहून दौंडला सायकलने जाण्याचा मनोदय व्यक्त करतात, तेव्हा घरच्यांच्या मनात कौतुक आणि धास्ती एकाच वेळी दाटते. दोन्ही रास्तच आहेत.

सर्वप्रथम मित्राची संमती घ्यावी. आजाराची जाहीर वाच्यता प्रत्येकाला रुचत नाही. त्यानंतर हृदय, रक्तदाब व रक्तशर्करा तपासून वैद्यकीय सल्ल्यानेच सराव हळूहळू वाढवावा. बोलताना धाप लागू लागली, तर वेग कमी करावा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबून १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. गाळप हंगामात या पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. म्हणून अंधारात निघणे टाळावे.

आणि डॉक्टरांनी मनाई केली तर? डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. तरुण सायकलींवर होते. पाठीच्या व्याधीने जर्जर झालेले बाबा आमटे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत गेले. पाण्याच्या बाटल्या आणि देणग्यांचे पावतीपुस्तक सांभाळत मागच्या गाडीतून येणारे आजोबाही मित्रासाठीच निघालेले असतात.