उसाच्या ट्रॉल्यांचा वेग
गळिताच्या हंगामांत रेठऱ्याच्या कृष्णा वा साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याकडे डीझेल ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढीत जातात. त्यांचा योग्य वेग कोणता? डीझेल इंजिनाची ओढ कमाल फेऱ्यांवर नव्हे, मधल्या फेऱ्यांवर सर्वाधिक असते. त्या फेऱ्या राखणारा वेग सपाटीवर काटकसरीचा. खरी परीक्षा उतारावर. ताशीं 20 किलोमीटरांचे 30 झाले, कीं वेग दीडपट होतो, पण ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जा सव्वादोनपट! ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील, तर मागचा ऊस ट्रॅक्टरालाच आडवा लोटतो. समोरच्या सायकलस्वारानें मग जावें कोठें? म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा. डीझेल वाचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे फसतात: गिअरमध्यें असतां पाय उचलला, कीं इंजिनाचा गव्हर्नर डीझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलमध्यें तें जळतच राहतें.